‘फाउंडेशन’ आणि ऐंशी वर्षांचं भांडण



या मालिकेत आपण लढायांबद्दल बोलतो, राजांबद्दल बोलतो. आज मात्र एका कादंबरीबद्दल आणि तिच्या वाचकांबद्दल बोलायचं आहे. कादंबरी अंतराळातली आहे. पण तिच्यावरून वाचक भांडत आले ते इतिहासाबद्दल. इतिहास कोण घडवतं, एखादा माणूस की लाखो माणसांचा लोंढा? म्हणून हा विषय इथे घेतला.

आयझॅक असिमोव्हची ‘फाउंडेशन’ ही कादंबरीत्रयी. तिचा जन्म १ ऑगस्ट १९४१ चा. एकवीस वर्षांचा असिमोव्ह न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेनं आपले संपादक जॉन कॅम्पबेल यांच्याकडे निघाला होता आणि हातात नव्या कथेची कल्पनाच नव्हती. जवळचं संगीतिकांचं पुस्तक त्यानं सहज उघडलं. समोर चित्र होतं एका पहारेकरी शिपायाचं, आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेल्या परीराणीचं. शिपायावरून विचार गेला फौजांकडे, फौजांवरून साम्राज्यांकडे, आणि तिथून रोमकडे. गिबनचा रोमच्या ऱ्हासाचा इतिहास त्यानं आधीच वाचलेला होता. स्टेशन येईपर्यंत आकाशगंगेएवढं एक साम्राज्य त्याच्या डोक्यात कोसळायला लागलं होतं.

पहिली कथा मे १९४२ च्या ‘अस्टाउंडिंग’ मासिकात आली. शेवटची संपली जानेवारी १९५० मध्ये. मग १९५१, १९५२ आणि १९५३ मध्ये या कथांची तीन पुस्तकं झाली.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हॅरी सेल्डन नावाचा गणिती ‘मनोइतिहास’ नावाचं शास्त्र उभं करतो. असिमोव्ह स्वतः रसायनशास्त्राचा विद्यार्थी. वायूचा एक रेणू कुठे जाईल हे सांगता येत नाही, पण अब्जावधी रेणूंचा मिळून दाब किती पडेल हे अचूक सांगता येतं. सेल्डन माणसांना हेच गणित लावतो. साम्राज्य पडणार हे तो टाळू शकत नाही. मात्र नंतरचं ३०,००० वर्षांचं अंधारयुग १,००० वर्षांवर आणता येईल, अशी त्याची योजना आहे. त्यासाठी आकाशगंगेच्या एका टोकाला तो एक वसाहत वसवतो. तिचं नाव फाउंडेशन.

या योजनेवर पहिला हल्ला वाचकांनी केलेला नाही. तो केला संपादकानं. १९४५ मध्ये कॅम्पबेल म्हणाले, आता सेल्डनची योजना मोडायची. असिमोव्ह हादरला, नको नको म्हणाला, पण शेवटी त्यानं ‘म्यूल’ लिहिला. हा एकटा माणूस दुसऱ्याच्या भावना बदलू शकतो. तो गणितात कुठेच बसत नाही आणि सगळं उधळून टाकतो. ही कथा १९४५ च्या नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या अंकांत आली. त्याच नोव्हेंबरात असिमोव्हला सक्तीनं अमेरिकी सैन्यात भरती केलं गेलं, हा एक योगायोग.

म्यूलपासून वाचकांत दोन तट पडले. एक तट म्हणतो, बघा, एका माणसानं इतिहास फिरवला. दुसरा म्हणतो, थांबा, तिसऱ्या पुस्तकात योजना पुन्हा रुळावर येतेच की. त्यावर पहिल्यांचं उत्तर तयार असतं. ती आपोआप कुठे येते? लपून बसलेली मूठभर माणसं ती ढकलून रुळावर आणतात. मग हा निसर्गाचा नियम कसला? हे तर पडद्यामागचं राज्य झालं.

भांडण असलं तरी प्रेम कमी नव्हतं. १९६६ मध्ये क्लीव्हलंडच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात आजवरच्या सर्वोत्तम मालिकेचा ह्यूगो पुरस्कार द्यायचं ठरलं. समोर टॉल्किनची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ होती. ती जिंकणार असं खुद्द असिमोव्हला वाटत होतं. जिंकली ‘फाउंडेशन’. पुढचा भाग लिहा म्हणून वाचक मागे लागलेलेच होते. तो आला १९८२ मध्ये.

टीकाही तितकीच कडक झाली. १९७६ मध्ये चार्ल्स एल्किन्स या समीक्षकानं लिहिलं की हा मार्क्सच्या इतिहासविचाराचा विपर्यास आहे आणि त्यातून उरतो तो नियतिवाद. पहिल्या पुस्तकात बायका जवळजवळ नाहीतच, ही तक्रारही रास्त आहे. उलट बाजूला पॉल क्रुगमन. मनोइतिहासाच्या सर्वांत जवळचं जे शास्त्र हाती लागलं ते अर्थशास्त्र, म्हणून आपण तिकडे वळलो, असं ते सांगतात. त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. २०२१ मध्ये दूरचित्र मालिका आली तेव्हा जुने वाचक पुन्हा तावातावानं बोलू लागले. लोंढ्याच्या कथेत नायक-नायिका आणि मारामाऱ्या कशाला घुसवल्या, हा त्यांचा एक मुख्य आक्षेप होता.

आता माझ्या मनातल्या प्रकरणाकडे येतो. दुसऱ्या पुस्तकात बेल रायोझ नावाचा तरुण सेनापती आहे. मोडकळीला आलेल्या साम्राज्याचा हा शेवटचा खरा सैनिक फाउंडेशनवर चालून जातो आणि जिंकत राहतो. आणि अचानक बादशहा त्याला परत बोलावतो, देशद्रोहाच्या संशयावरून अटक करतो. पुस्तकातलं स्पष्टीकरण असं: सेनापती दुबळा असता तर जिंकलाच नसता. सेनापती बलवान आणि बादशहा दुबळा असता, तर सेनापती गादीकडे वळला असता. दोघंही बलवान, म्हणून बादशहाला त्याची भीती वाटली. कसंही फिरवा, फाउंडेशन वाचणारच.

जाणत्या वाचकांना बेल रायोझमध्ये बेलिसारियस लगेच दिसतो. बायझंटाइन सम्राट जस्टिनियनचा हा सेनापती. त्यानं आफ्रिका जिंकली, इटली जिंकली, आणि ५४० मध्ये रावेन्ना घेतल्यावर त्याला परत बोलावलं गेलं. ५६२ मध्ये त्याच्यावर कटाचा आरोप झाला, पुढच्या वर्षी तो मागे घेतला गेला.

पण हा नियम आहे का? मला तो पटत नाही. एप्रिल १९५१ मध्ये ट्रूमन यांनी मॅकआर्थर यांना कोरियाच्या युद्धातून काढलं. दोघंही बलवान. पण मॅकआर्थर घरी गेले ते जनतेच्या मिरवणुकीतून. आपल्याकडे १९७१ मध्ये पंतप्रधानही खमक्या आणि सेनाध्यक्षही. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि १ जानेवारी १९७३ ला माणेकशा फील्ड मार्शल झाले. फरक राज्यघटनेनं केला. सेनापती आणि सत्ता यांच्यात लिहिलेला नियम असेल, तर एकाच्या ताकदीची दुसऱ्याला भीती वाटायचं कारण कमी होतं. आणि हा नियम लोंढा लिहीत नाही. माणसं बसून लिहितात आणि दुसरी माणसं तो पाळायचं ठरवतात.

मी हे पुस्तक वाचलं ते उंचावरच्या एका ठाण्यात, बुखारीशेजारी, १९८६ च्या हिवाळ्यात. तेव्हा मी सेल्डनच्या बाजूचा होतो. जे व्हायचं ते होतं, आपण रेणू, हे वाक्य बर्फात फार ऊब देतं. त्याच हिवाळ्यात हवामान बिघडत असताना मी एक गस्त पाठवली. एक दिवस थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. पोरं परत आली, पण एका जवानाच्या उजव्या हाताची तीन बोटं फ्रॉस्टबाइटनं गेली. सीमेच्या इतिहासात त्या गस्तीची नोंदसुद्धा नाही. सेल्डनच्या हिशेबात ती शून्य. पण आदेशाखाली सही माझी होती. इस्पितळात त्यानं डाव्या हातानं मला सॅल्यूट करायचा प्रयत्न केला, तेव्हा मला इतिहासाचा कुठलाच नियम पुढे करता आला नाही.

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना लागलेली गोळी निसटून जाते, आणि पुढचा सगळा हिंदुस्थान वेगळा होतो. नारळीकर आणि असिमोव्ह दोघंही विज्ञानाची माणसं. एकानं गोळी मोजली, दुसऱ्यानं गर्दी.

माझं मत विचाराल तर साम्राज्यं का पडतात हे समजून घ्यायला सेल्डन उपयोगी आहे. धान्य, कर, व्यापार, लोकसंख्या यांचे लोंढे खरे असतात. पण हे गणित मागे वळून बघण्यासाठी आहे. पुढचा आदेश काढताना त्याच्या आड लपायचं नाही. वाचक ऐंशी वर्षं भांडताहेत ते बरंच आहे. ज्या दिवशी सगळे म्हणतील की आपल्या हातात काहीच नव्हतं, त्या दिवशी कुणाला जबाबही विचारता येणार नाही.

तुम्ही कुठल्या तटात आहात ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.