परवलीचा शब्द आणि मोटारीचे इंजिन : इमोबिलायझरच्या इतिहासाचा एक विचार

मोटारीचे इंजिन चालविणारा संगणक, म्हणजे कारागिरांच्या बोलण्यातला ‘ईसीएम’, बिघडला तर तो काढून त्याच बनावटीचा दुसरा बसविणे हे काम वरकरणी बॅटरी बदलण्याइतके सरळ वाटते. परंतु इमोबिलायझर ही चोरीविरोधी योजना असलेल्या मोटारीत बहुधा तसे घडत नाही. नवा ईसीएम बसतो, तारा जुळतात, मालकाची खरी किल्ली कुलपात फिरते. आणि तरीही इंजिन सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन क्षणार्धात बंद पडते. बसविलेला भाग निर्दोष असतो. मात्र तो त्या गाडीला ओळखत नाही. यंत्राच्या दुरुस्तीत ‘ओळखी’चा हा प्रश्न केव्हा शिरला, आणि त्याने मालक, कारागीर व निर्माता ह्यांच्या संबंधांत कोणता पालट घडविला, ह्याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

१. धातूची किल्ली

अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९४९ साली किल्ली फिरविताच इंजिन सुरू होईल अशी सोय केली. तोपर्यंत किल्लीने विद्युत्प्रवाह खुला करावयाचा आणि स्टार्टरसाठी वेगळी कळ दाबावयाची, अशी रीत सामान्य होती. पण ह्या किल्लीचे सामर्थ्य केवळ तिच्या दातांच्या आकारात होते. कुलूप फोडून दोन तारा एकमेकींस टेकविल्या की चोराचे काम होई. पुढे सुकाणू जखडून ठेवणारी कुलपे आली. तथापि तीही बळाने मोडता येत. यंत्र माणसाला ओळखत नव्हते; ते फक्त अडथळा उभा करीत होते.

ह्याच काळाच्या अखेरीस इंजिनाचे नियमन संगणकाकडे जाऊ लागले. बॉश कंपनीची ‘मोट्रॉनिक’ योजना १९७९ साली बीएमडब्ल्यूच्या मोटारीत आली. इंधन किती व ठिणगी केव्हा, हे आता एक संगणक ठरवू लागला. त्या पिढीतील ईसीएम मात्र कोणत्याही एका गाडीशी बांधलेला नव्हता. त्याच नमुन्याच्या दुसऱ्या गाडीतून काढलेला भाग बसविला, तरी काम भागत असे.

२. खुणेपासून परवलीपर्यंत

जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेट मोटारीत किल्लीच्या पात्यावर एक लहानसा विद्युत्‌रोधक बसविला. रोधाची मूल्ये अवघी १५ होती. मूल्य जुळले नाही, तर काही मिनिटे गाडी सुरू होत नसे. ही ओळखीची पहिली पायरी होय; पण ती केवळ खूण होती. चोराने पंधराही किल्ल्या जवळ बाळगल्या आणि धीर धरला, म्हणजे झाले.

१९९० नंतरच्या दशकात किल्लीच्या मुठीत चिप आली. कुलपाभोवतालच्या वेटोळ्यातून तिला बिनतारी ऊर्जा मिळते व ती उत्तर देते. आरंभीच्या चिप ठराविक संख्याच उच्चारीत. हा शब्दशः परवलीचा शब्द होता. आणि एकदा ऐकला की कोणालाही तो पुन्हा उच्चारता येतो, हा परवलीचा जुना दोष त्यातही होता. पुढील पायरी म्हणून आव्हान-प्रत्युत्तराची पद्धत आली. गाडी दर वेळी नवी संख्या पाठविते; किल्ली आपल्याजवळील गुप्त संख्येच्या साहाय्याने तिचे उत्तर काढते. गुप्त शब्द मुखातून कधीच बाहेर पडत नाही, तरी तो ठाऊक असल्याचे सिद्ध होते.

ह्या योजनेला कायद्याचे बळ लवकरच मिळाले. युरोपीय संघाच्या १९९५ च्या निर्देशानुसार ऑक्टोबर १९९८ पासून नव्या प्रवासी मोटारींना इमोबिलायझर आवश्यक झाला. ऑस्ट्रेलियाने २००१ साली व कॅनडाने २००७ साली तेच केले. परिणामही दिसून आला. व्हान ऊर्स व व्होलार्ड ह्यांनी नेदरलँड्सच्या आकडेवारीवरून २०१६ साली असे दाखविले की, १९९५ ते २००८ ह्या काळात ह्या योजनेमुळे तेथील मोटारचोरी सुमारे ४० टक्क्यांनी घटली. उलट अमेरिकेत तशी सक्ती नव्हती. २०१५ सालच्या ह्युंदाई व किया मोटारींपैकी केवळ २६ टक्क्यांत इमोबिलायझर होता. इतर निर्मात्यांचे प्रमाण ९६ टक्के होते. २०२० नंतर मिलवॉकी शहरापासून पसरलेल्या चोऱ्यांच्या लाटेत नेमक्या त्या उघड्या गाड्या सापडल्या. इमोबिलायझरच्या उपयुक्ततेविषयी म्हणून शंका घेण्यास जागा नाही.

३. पहारेकरीच बदलला तर

परंतु चोराला थोपविण्यासाठी एक गोष्ट अपरिहार्य होती. केवळ कुलपापाशी ओळख पटविणे पुरेसे नव्हते. चोराने ते बाजूस सारून इंजिनालाच थेट आज्ञा दिली असती. म्हणून ईसीएमलाही गुप्त संख्येचा वाटेकरी करण्यात आले. बीएमडब्ल्यूच्या १९९५ पासूनच्या योजनेत इमोबिलायझर व ईसीएम ह्यांच्यात संकेत जुळावा लागे. येथेच दुरुस्तीचा पेच निर्माण झाला. जुना पहारेकरी गेला, नवा आला. त्याला परवल ठाऊक नाही.

कोरा ईसीएम असेल, तर निर्मात्याच्या साधनांनी व गुप्तांकाने त्याला गाडीची ओळख शिकविता येते. जुन्या गाडीतून काढलेला भाग असेल, तर तो आपल्या पहिल्या घरची परवल विसरलेला नसतो. अशा वेळी कारागीर बिघडलेल्या ईसीएमची स्मृती नव्यात उतरवितात, अथवा ईसीएम, इमोबिलायझर व किल्ली ही तिन्ही एकाच जुन्या गाडीतून आणून बसवितात. जनरल मोटर्सच्या काही मोटारींत दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या करून यंत्र पुन्हा ‘शिकते’. म्हणजे तेथे गुप्तांकाची जागा केवळ कालहरणाने घेतली आहे. ह्या सर्व उपायांत एक गोष्ट समान आहे : भाग विकत घेतल्याने तो वापरण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही.

४. गुप्तता कोठे ठेवावी?

१८८३ साली ऑगस्ट केर्कहॉफ्स ह्याने लष्करी गुप्तलेखनावर निबंध लिहिला. तो पॅरिस येथे भाषांचा अध्यापक होता. पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी हानी होऊ नये; गुप्त असावी ती केवळ किल्ली, असा त्याचा सिद्धान्त. मोटार-उद्योगाने मात्र पद्धतीच गुप्त ठेवली आणि किल्ल्या आखूड ठेवल्या. २००५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ व आरएसए प्रयोगशाळा येथील संशोधकांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपमधील ४० बिटांची गुप्त संख्या शोधून काढली. २०१२ साली ‘हिटॅग-२’ ह्या ४८ बिटांच्या चिपचीही तीच गत झाली.

‘मेगामॉस क्रिप्टो’ ह्या चिपविषयीचा निबंध तर न्यायालयात गेला. फोक्सवॅगनच्या अर्जावरून इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने जून २०१३ मध्ये त्याच्या प्रकाशनास मनाई केली. अखेर २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. त्यातून केवळ एक वाक्य वगळण्यात आले. एका वाक्यावर लक्षावधी गाड्यांची सुरक्षा अवलंबून आहे असे मानावे लागणे, हेच केर्कहॉफ्सचा सिद्धान्त डावलल्याचे गमक होय.

५. उपसंहार

म्हणून आजचा खरा प्रश्न परवल असावी की नसावी हा नसून, ती कोणाच्या स्वाधीन असावी हा आहे. अमेरिकेत २००८ पासून नोंदणीकृत कुलूपकारागिरांना निर्मात्यांकडून गुप्तांक मिळविण्याची व्यवस्था आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या दुरुस्तीहक्काच्या कायद्यानेही इमोबिलायझरची माहिती सरसकट खुली न करता ह्याच मार्गावर सोपविली. युरोपीय संघाने २०२१ च्या नियमांनी स्वतंत्र कारागिरांची पडताळणी करून त्यांना अशी माहिती देण्याची रीत ठरविली. ह्या व्यवस्थांत कारागिराला आपली ओळख पटवावी लागते. म्हणजे पूर्वी यंत्राने किल्लीला विचारलेला प्रश्न आता संस्था माणसाला विचारते. मालक मात्र ह्या संवादात बहुधा अनुपस्थितच आहे. गाडी त्याच्या नावावर असते, किल्ली त्याच्या खिशात असते. पण परवल त्याला कोणी सांगितलेली नसते. ईसीएम बदलण्याची वेळ येईपर्यंत ही उणीव त्याच्या ध्यानातही येत नाही.