अस्थिसुषिरता, वृद्ध पुरुषांतील

उतारवयात हाडांतील द्रव्य घटून ती सच्छिद्र व ठिसूळ होतात, या विकारास अस्थिसुषिरता म्हणतात. स्त्रियांत रजोनिवृत्तीनंतर स्त्रीमदजन हे हॉर्मोन अल्पावधीत घटते. पुरुषांतील टेस्टोस्टेरोन मात्र वयानुसार हळूहळू कमी होते. त्यामुळे हा विकार दीर्घकाळ स्त्रियांचाच समजला गेला. वस्तुतः खुब्याचे हाड मोडल्यानंतर वर्षभरात मृत्यू येण्याचे प्रमाण पुरुषांत स्त्रियांपेक्षा अधिक आढळते.

इतिहास : वृषणांचा प्रभाव रक्तावाटे सर्व शरीरावर पडतो, हे आर्नोल्ट बेर्टोल्ट (१८०३–६१) यांनी १८४९ मध्ये कोंबड्यांवरील प्रयोगांनी दाखविले. ब्राउन-सेकार (१८१७–९४) यांनी १८८९ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेतला व तारुण्य परतल्याचे जाहीर केले. तो दावा टिकला नाही; त्यातून उपजलेली आशा मात्र टिकली. १९३५ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे एर्न्स्ट लाकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बैलाच्या वृषणांपासून शुद्ध टेस्टोस्टेरोन वेगळे केले. त्याच वर्षी बूटेनान्ट व रूझीच्का यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले.

फुलर ऑल्ब्राइट (१९००–६९) यांनी १९४१ मध्ये रजोनिवृत्ती व अस्थिसुषिरता यांचा संबंध स्पष्ट केला. पुरुषांत टेस्टोस्टेरोन हेच हाडांचे रक्षण करीत असावे, असा तर्क त्यावरून सहजच निघत होता. १९९४ मध्ये या तर्कास धक्का बसला. टेस्टोस्टेरोन पुरेसे असूनही एका २८ वर्षांच्या पुरुषाची हाडे विरल झालेली आढळली; त्याच्या पेशी स्त्रीमदजनास प्रतिसाद देऊ शकत नव्हत्या. टेस्टोस्टेरोनाचा काही अंश शरीरात स्त्रीमदजनात रूपांतरित होतो व पुरुषांची हाडेही बऱ्याच अंशी त्याच्यावरच अवलंबून असतात, हे यानंतर मान्य झाले.

उपचारांची कसोटी : टेस्टोस्टेरोन कमी असलेल्या वृद्धांना ते वर्षभर दिल्यास हाडांची घनता वाढते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत दिसले. २०२४ मध्ये ५,२०४ पुरुषांच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष मात्र विपरीत निघाले : टेस्टोस्टेरोन घेणाऱ्यांपैकी ३·५० टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी २·४६ टक्के व्यक्तींना अस्थिभंग झाला. घनता वाढणे व हाड न मोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा यातील बोध होय. म्हणून अस्थिभंगाचा धोका मोठा असल्यास केवळ टेस्टोस्टेरोनावर विसंबून न राहता बिस्फॉस्फोनेटांसारखी हाडांचीच औषधे देतात. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावर वृषणांचा स्राव थांबविणारे उपचार चालू असलेल्यांत हाडांची झीज वेगाने होते. त्यांची घनता वेळीच मोजणे अगत्याचे ठरते.

महाराष्ट्र : मुंबईतील के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधकांना निरोगी तरुणांतही ड जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली (२०११). पुणे शहरातील चाळिशीपुढील स्त्री-पुरुषांच्या हाडांच्या घनतेचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात नागली हे पारंपरिक अन्न असून तिच्या १०० ग्रॅममध्ये सु. ३५० मिग्रॅ. कॅल्शियम असते, तांदळात ते अत्यल्प असते. हाडांचा साठा तारुण्यातच भरतो. म्हणून म्हातारपणीचे हॉर्मोन पाहण्याइतकेच लहानपणीचे अन्न, ऊन व श्रम यांकडे लक्ष देणे महत्त्वाचे आहे.