मॉडेल रेल्वे : वीर स्टेशनवरची गाडी घरात कशी धावते?

महाड-पोलादपूरकरांचं जवळचं स्टेशन वीर. रोह्याहून इथवर रेल्वे १९९३ मध्ये आली. इथे थांबणाऱ्या दिवा-सावंतवाडीसारखी गाडी लहान करून घरात पळवता येते.

माप : ‘एचओ’ मापात सगळं ८७ पट लहान. जुना निळा डबा सुमारे २१.३ मीटरचा, म्हणून मॉडेल साडेचोवीस सेंटिमीटरचं. आपले रूळ १,६७६ मिमी रुंद, हिशेबाने १९.३ मिमी यायला हवेत. पण तयार रूळ परदेशी मापाचे, १६.५ मिमी. तेवढा फरक राहतोच.

बांधणी : डबा पुठ्ठ्याचा किंवा सनबोर्डचा चालतो. चाकं आणि मोटर विकत घ्यावी लागते.

करंट : रुळात १२ व्होल्ट डीसी सोडतात. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो, तारा उलट केल्या की गाडी मागे जाते. घरातला २३० व्होल्टचा करंट थेट रुळाला कधीच जोडू नये, जीवावर बेतेल.

सावधान : मापं घ्यायला पोरांनी खऱ्या रुळावर उतरू नये. रेल्वे कायदा कलम १४७ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कुठे बघाल : पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे.