जादूघराची दारे

उत्तर हिंदुस्थानात फ्रीमेसन मंडळींच्या इमारतीला लोक ‘जादूघर’ म्हणत आले. इराणात तिला ‘फरामोशखाना’, म्हणजे विसरण्याचे घर, असे नाव पडले. कारण आत जे पाहिले ते बाहेर पडताना माणूस विसरतो, अशी समजूत होती. बंद दारामागे काय चालते हे कळले नाही की लोकांची कल्पनाशक्ती दुप्पट वेगाने धावू लागते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला आतल्या विधींपेक्षा दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. हे दार कोणासाठी उघडले, कोणासाठी मिटले, आणि त्यातून समाजाच्या ओंजळीत काय पडले? आपल्या मुंबई इलाख्यात या प्रश्नाची उत्तरे शोधण्यासारखी आहेत. त्या शोधाची वाट शेवटी नंदुरबारच्या डोंगरात येऊन पोहोचते.

३ जानेवारी १८४३ या दिवशी मुंबईत भायखळ्यास सर जमशेटजी जीजीभाई यांच्या रुग्णालयाची कोनशिला बसविण्यात आली. जमशेटजींनी या कामी लाखाहून अधिक रुपये दिले होते आणि कंपनी सरकारने त्यात आपली भर घातली होती. हा समारंभ मेसन पंथाच्या विधीने झाला. गवंड्यांची ओळंबा, गुण्या ही हत्यारे या पंथाची चिन्हे असल्यामुळे सार्वजनिक इमारतीचा पाया घालणे हे मेसन लोक आपले मानाचे काम समजत. समारंभाचे प्रमुख होते डॉक्टर जेम्स बर्न्स. मुंबईच्या वैद्यकीय खात्यातील हे स्कॉच गृहस्थ पूर्वी कच्छ-भूजमध्ये होते आणि १८२७ साली सिंधच्या अमिरांवर औषधोपचार करण्यासाठी तिकडे जाऊन आले होते. काबूलमध्ये १८४१ साली मारले गेलेले अलेक्झांडर बर्न्स हे त्यांचे बंधू.

त्या दिवसातला विसंगतीचा भाग पाहण्याजोगा आहे. रुग्णालयाला पैसा दिला एका पारशी गृहस्थाने, त्यात उपचार व्हायचे ते एतद्देशीय गोरगरिबांवर. परंतु कोनशिलेभोवती बंधुभावाचे विधी करणाऱ्या मंडळींच्या लॉजमध्ये एतद्देशीय माणसाला अजून पाऊल टाकता येत नव्हते. मेसन पंथाची तीन तत्त्वे म्हणजे बंधुप्रेम, साहाय्य आणि सत्य. यांपैकी साहाय्य करणे सोपे होते. अडचण होती ती बंधुप्रेमाची.

ही अडचण उघडी पाडली माणेकजी कर्सेटजी यांनी. १८०८ साली जन्मलेले हे पारशी गृहस्थ इंग्रजी विद्येत मुरलेले आणि हट्टाला पेटले की न सोडणारे. मुंबईच्या लॉजने त्यांना दाद दिली नाही. पुढे ते युरोपात गेले आणि १८४३ साली पॅरिसमधील एका लॉजने त्यांना रीतसर बंधू करून घेतले. आता ते मेसन होऊन मुंबईस परतले. पंथाच्या नियमाप्रमाणे एका लॉजचा बंधू तो सर्वांचा बंधू. तरीही मुंबईच्या ‘पर्सिव्हिअरन्स’ लॉजमधील गोऱ्या सभासदांचे मन विरघळले नाही. पॅरिसमध्ये जो भाऊ, तो मुंबईत परका!

येथे डॉक्टर बर्न्स पुढे सरसावले. जुन्या लॉजशी भांडत बसण्याऐवजी त्यांनी डिसेंबर १८४३ मध्ये नवे लॉज स्थापन केले आणि त्याला ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ असे नाव दिले. पश्चिम हिंदुस्थानचा हा उगवता तारा खास एतद्देशीयांसाठी होता, आणि त्यात पारशी व मुसलमान गृहस्थ आले. ही उदारता खरी होती. तरी तिला एक मर्यादाही होती. जुन्या घराचे दार उघडण्यापेक्षा शेजारी दुसरे घर बांधून देणे नेहमीच सोयीचे असते. १८४९ साली बर्न्स स्वदेशी परतले.

लॉजमध्ये चाले तरी काय? धर्म आणि राजकारण हे दोन विषय तेथे वर्ज्य. ईश्वराचे अस्तित्व मानणे मात्र आवश्यक. शपथ घेताना प्रत्येकाने आपापल्या धर्मग्रंथावर हात ठेवायचा. म्हणून हिंदुस्थानातल्या लॉजमध्ये बायबलशेजारी कुराण, अवेस्ता आणि गीता येऊन बसली. ज्या काळी वेगवेगळ्या जातीधर्मांचे लोक एका पंक्तीस बसत नव्हते, त्या काळी एका मेजावर हे ग्रंथ एकत्र नांदले, ही गोष्ट लहान नव्हे. दानाची झोळी सभासदांत फिरवण्याची रीत होती. त्यातून पहिला आधार मिळे तो दिवंगत बंधूच्या विधवेला आणि पोरक्या मुलांच्या शिक्षणाला. म्हणजे हा धर्मादाय आधी घरचा, मग दारचा.

या लॉजमधील माणसांनी स्वतंत्रपणे केलेली कामे मात्र लॉजपेक्षा मोठी ठरली. मुलींना इंग्रजी शिक्षण मिळावे म्हणून माणेकजींनी धडपड केली आणि १८६३ साली अलेक्झांड्रा शाळा उभी राहिली. मेसन लॉजमध्ये स्त्रियांना प्रवेश नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल अधिक वाटते. खरशेदजी रुस्तमजी कामा हे दुसरे नाव. अवेस्ता भाषेच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाची परंपरा त्यांनी मुंबईत रुजवली. त्यांच्या मेसन-सेवेच्या गौरवार्थ १९०७ साली जीवनजी जमशेदजी मोदी यांनी एक ग्रंथच संपादित केला.

हिंदूंची कथा आणखी निराळी. तुम्ही अनेक देव मानता, तुम्ही जात पाळता, मग तुम्ही बंधू कसे होणार, असा आक्षेप त्यांच्यावर असे. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ साली अर्ज केला; प्रवेश मिळाला १८७२ साली. नऊ वर्षे ते दार ठोठावीत राहिले.

आक्षेप घेणारे स्वतः रंगभेद पाळत होते हे खरे. परंतु आक्षेपातील जातीचा भाग खोटा होता असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे? याच मुंबईत १८४९ साली दादोबा पांडुरंग आणि राम बाळकृष्ण जयकर यांच्या मंडळींनी परमहंस सभा काढली. तीही गुप्तच होती. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. आज हे वाचून हसू येईल; त्या वेळी त्यापायी माणूस घरादाराला मुकला असता. १८६० साली सभासदांची यादी चोरीस जाऊन उघड झाली आणि सभा पांगली. मेसनांची गुप्तता प्रतिष्ठेचा दागिना होती; परमहंसांची गुप्तता भीतीचे पांघरूण. पांघरूण ओढले गेले तेव्हा आतली माणसे थंडीने गारठली. मात्र तो विचार मेला नाही. १८६७ साली प्रार्थना समाज उघड्यावर उभा राहिला आणि १८७३ साली जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने तर खेड्यापाड्यांतून हाक दिली.

आता खानदेशाकडे वळू. १८७८ च्या अबकारी कायद्याने आदिवासींची घरची मोहाची दारू गुन्हा ठरली आणि मक्तेदारांची दुकाने गावोगाव आली. नवापूरपासून सुरतेपर्यंतच्या पट्ट्यात यांपैकी अनेक दुकाने पारशी व्यापाऱ्यांची होती. ज्या समाजातील धनिकांनी मुंबईत रुग्णालये बांधली, त्याच समाजातील काही माणसे येथे भिल्ल-गावितांच्या कर्जाच्या वह्या भरीत होती. यात एका समाजाचा दोष नाही. कायदा सरकारचा होता आणि महसूलही सरकारचाच. परंतु दानाची गंगा कोणत्या खोऱ्यातून वाहत आली, हे विचारणे इतिहासाचे काम आहे. १९२२ साली या भागातून ‘देवी’ची लाट गेली. दारू सोडा, आंघोळ करा, मद्यविक्रेत्यांचे तोंड पाहू नका, असे ती सांगत होती.

पुढे १९३८ च्या सुमारास तळोदे तालुक्यातील मोरवड येथे गुलाम महाराजांनी आदिवासींना एकत्र केले. दारू सोडायची, स्वच्छ राहायचे, आणि लहानथोर प्रत्येकाने दुसऱ्याला ‘आप’ म्हणायचे. ज्यांना सावकारापासून शिपायापर्यंत सर्वांनी ‘अरे’ म्हणून हाक मारली, ती माणसे एकमेकांना ‘आप’ म्हणू लागली. या बंधुत्वाला हॉल नव्हता, खुणा नव्हत्या, प्रवेशाची वर्गणी नव्हती. आरतीला हजारो लोक उघड्या माळावर बसत. महाराज १९३८ मध्येच वारले; त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते काम चालविले.

२४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान तिचे पहिले प्रमुख झाले. जे दार माणेकजींना ठोठवावे लागले, त्याची किल्ली हिंदी माणसाच्या हाती आली. भायखळ्याच्या रुग्णालयात आजही रोज गोरगरिबांची रीघ लागते आणि तेथे कोणाला जात किंवा खूण विचारली जात नाही. मुंबईच्या बंधूंनी दगडाचा पाया घातला तो टिकला, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. मोरवडच्या बंधूंनी पाया घातला तो एका दोन अक्षरी शब्दाचा. समोरच्या माणसाला ‘आप’ म्हणताना आजही आपल्यापैकी किती जणांची जीभ अडखळते, यावरून तो पाया किती खोल गेला ते ज्याचे त्याने तपासावे.