एका भांड्यांतील जेवण

सायंकाळीं कामावरून घरीं परतलेल्या गृहिणीपुढें रात्रीच्या जेवणाचा प्रश्न रोज उभा राहतो. तो सोडविण्याचे जे अनेक उपाय पाश्चात्त्य देशांत निघाले, त्यांतील एकास विशेष लोकप्रियता लाभली आहे. पसरट भांड्यांत कोरडी मॅकरोनी, टोमॅटोचा रस, पाणी आणि चीज एकत्र करावें, तें भांडें तापलेल्या ओव्हनमध्यें ठेवावें आणि पाऊण तासानें तेंच जेवणाच्या मेजावर आणावें, एवढीच त्याची कृति. दिसावयास ही कृति आजकालची, घाईच्या युगांतली वाटते. परंतु तिच्या पाठीशीं आठशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे, आणि तो केवळ जिभेच्या आवडीनिवडीचा इतिहास नाहीं. चुलीपुढें कोणी किती वेळ खर्च करावा, हा प्रश्न त्यांत आरंभापासून दडलेला आहे.

मॅकरोनी म्हणजे काय, हें आपल्याकडील शेवयांवरून सहज ध्यानांत येतें. इटलींत हा पदार्थ ज्या कठीण गव्हापासून होतो, त्याच जातीचा बन्सी गहूं महाराष्ट्रांत पिकतो, आणि रवा व शेवया यांसाठीं त्याला मागणी असते. ह्या गव्हाचें पीठ चिवट असतें. त्याची कणीक हव्या त्या आकाराची करून वाळविली म्हणजे ती महिनोन्‌महिने टिकते. वैशाखाच्या उन्हांत शेवया करून वर्षाची बेगमी करणारी स्त्री आणि सिसिली बेटांतील जुना कारागीर, दोघांचें मर्म एकच: सवडीच्या दिवसांतील श्रम साठवून ठेवावयाचे आणि घाईच्या दिवशीं ते उपयोगांत आणावयाचे.

सिसिलीचा उल्लेख सहेतुक आहे. तेथील नॉर्मन राजा दुसरा रॉजर याच्या पदरीं अल्-इद्रीसी नांवाचा अरब भूगोलवेत्ता होता. त्यानें ११५४ सालीं पूर्ण केलेल्या ग्रंथांत पालेर्मोजवळील त्राबिया या गांवाचें वर्णन आहे. तेथें वाहतें पाणी व पिठाच्या गिरण्या असून ‘इत्रिया’ नांवाच्या वाळविलेल्या शेवया विपुल होत, आणि त्या जहाजांत भरून कॅलाब्रियाकडे, तसेंच मुसलमान व ख्रिस्ती अशा दोन्ही मुलखांत पाठविल्या जात, असें तो सांगतो. पुढें १२७९ सालीं जिनोआ शहरांतील एका नोटरीनें केलेल्या मालमत्तेच्या यादींत मॅकरोनीनें भरलेल्या एका पेटीची नोंद सांपडते. मार्को पोलो चीनहून परतला तो १२९५ सालीं. तेव्हां त्यानें हा पदार्थ चीनमधून इटलींत आणला, ही लोकप्रिय कथा टिकत नाहीं; तिचा पुष्कळसा प्रसार अमेरिकेंतील मॅकरोनी-कारखानदारांच्या मासिकानें १९२९ सालीं केला.

चीजशीं मॅकरोनीची सांगड हीहि जुनीच. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांनीं १३९० च्या सुमारास तयार केलेल्या पाकसंग्रहांत कणकेचे तुकडे उकडून त्यांच्या खालीं-वर किसलेलें चीज व लोणी घालावें, अशी कृति आहे. परंतु हें राजाचें अन्न होतें. गरिबांच्या तोंडीं तें पडलें सतराव्या शतकांत, नेपल्स शहरांत. तत्पूर्वी नेपल्सच्या लोकांना शेजारी ‘पालेखाऊ’ म्हणून हिणवीत, कारण भाजीपाला हेंच त्यांचें मुख्य अन्न. शहरांत वस्ती दाटली, मांस महाग झालें आणि त्याच सुमारास कणीक मळण्याचें व दाबून काढण्याचें यंत्र प्रचारांत आलें. मॅकरोनी स्वस्त झाली आणि ‘पालेखाऊ’ लोक ‘मॅकरोनीखाऊ’ बनले. रस्त्यावर मोठमोठ्या कढयांतून ती उकडीत, वर चीज भुरभुरीत आणि लोक ती हातानेंच खात. ज्यांच्या घरीं धड चूल नव्हती, त्यांची चूल अशा रीतीनें रस्त्यानें चालविली.

इंग्लंडांत एलिझाबेथ रॅफल्ड या बाईंनीं १७६९ सालीं प्रसिद्ध केलेल्या गृहिणींच्या पुस्तकांत सायीच्या रसांत शिजविलेल्या व पार्मेझान चीज घातलेल्या मॅकरोनीची कृति आहे. यावरून अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन यानें हा पदार्थ शोधून काढला, ही दंतकथा किती पोकळ आहे हें कळून येतें. जेफर्सन त्याचा भोक्ता होता, हें मात्र खरें. १७८७ च्या सुमारास त्यानें मॅकरोनीच्या यंत्राचें रेखाटन केलें, आणि १८०२ सालीं राष्ट्राध्यक्षांच्या निवासांतील मेजवानींत ती वाढली गेली. त्या मेजवानीस आलेल्या मनॅसी कटलर या पाहुण्याला ती मुळींच रुचली नाहीं. तींत कांदा असावा असें त्याला वाटलें, असें त्याच्या रोजनिशींत नमूद आहे.

परंतु त्या घराण्याच्या स्वयंपाकघरांत राबत कोण असे? जेम्स हेमिंग्स हा जेफर्सनचा गुलाम. त्याला १७८४ सालीं पॅरिसला नेऊन फ्रेंच पाकविद्या शिकविण्यांत आली. फ्रान्सच्या भूमीवर तो कायद्याच्या आधारें स्वातंत्र्य मागूं शकला असता. पण तो धन्याबरोबर परतला. १७९३ सालीं जेफर्सननें त्याच्याशीं लेखी करार केला, कीं आपल्या जागीं दुसरा आचारी तयार करून दिल्यास त्यास मुक्त करूं. त्यानें आपल्या भावाला, पीटरला, ती विद्या शिकविली आणि १७९६ सालीं तो मुक्त झाला. पीटर मात्र गुलामच राहिला. एका भावाच्या सुटकेचें मोल दुसऱ्या भावाच्या चुलीशीं बांधलें गेलें! १८२४ सालीं व्हर्जिनियांतील मेरी रँडॉल्फ या बाईंनीं छापलेल्या पाकशास्त्रांत मॅकरोनी आधीं उकडून घ्यावी, मग तिचे व चीज-लोण्याचे थर भांड्यांत लावावे आणि तें चांगल्या तापलेल्या भट्टींत २० ते ३० मिनिटें भाजावें, असें सांगितलें आहे. कृति आजच्या भाजलेल्या मॅकरोनीसारखीच. परंतु त्या प्रांतांतील सुखवस्तु घरांत ती भट्टी पेटविणारे हात बहुधा गुलामांचे असत.

विसाव्या शतकानें हा प्रश्न निराळ्या मार्गानें सोडविण्याचा यत्न केला. कॉर्निंग काच-कारखान्यांतील एका शास्त्रज्ञाची पत्नी बेसी लिटल्टन हिनें १९१३ सालीं विजेच्या बॅटरीच्या कांचपात्राचा बूड कापून त्यांत केक भाजून दाखविला. त्यांतून १९१५ सालीं ‘पायरेक्स’ नांवाचीं कांचेचीं भांडीं बाजारांत आलीं. ओव्हनमध्यें ठेवलेलें पात्र तसेंच मेजावर मांडतां येऊं लागलें आणि एक भांडें घासावयाचें वांचलें. १९१६ सालीं जेम्स क्राफ्ट यानें टिकाऊ प्रक्रिया-चीजचें पेटंट घेतलें. १९३७ सालीं, मंदीचा काळ सरला नसतां, चौघांना पुरेल एवढी मॅकरोनी व चीज-भुकटीचें खोकें १९ सेंटांत विकावयास आलें. महायुद्धांत शिधापत्रिकांच्या एका कूपनावर अशीं दोन खोकीं मिळत. त्याच वर्षांत अमेरिकेंतील एकंदर कामगारांमध्यें स्त्रियांचें प्रमाण १९४० च्या सुमाराच्या सुमारें २७ टक्क्यांवरून १९४५ मध्यें सुमारें ३७ टक्क्यांपर्यंत चढलें. कारखान्याची पाळी आटोपून आलेल्या स्त्रीला चुलीपुढें तास-दोन तास घालविणें शक्य नव्हतें. एका भांड्याच्या जेवणाचा प्रसार ह्या दुहेरी ओढीखालीं झाला.

अलीकडे तर आधीं उकडण्याची पायरीहि गळाली. २५० ग्रॅम कोरड्या मॅकरोनीस सुमारें ४०० मिलीलिटर टोमॅटोचा रस व तितकेंच उकळतें पाणी, थोडें तेल, मीठ व लसूण घालून, भांडें घट्ट झांकून २०० अंश सेल्सिअस उष्णतेंत ३५ मिनिटें ठेवावें. मग झांकण काढून, वर चीज पसरून आणखी १० मिनिटें भाजावें. युक्ति एवढीच, कीं मॅकरोनी ज्या पाण्यांत शिजते तें फेंकून दिलें जात नाहीं. तिच्यांतील पिष्ट त्या पाण्यांत उतरतें, उष्णतेनें फुगतें आणि रस आपोआप दाट होतो. पाणी कमी पडल्यास कडा कडकडीत राहतात. झांकण सैल असल्यास वाफ निघून जाऊन वरची मॅकरोनी कच्ची राहते. २०१९ सालीं फिनलंडांत फेटा चीज व टोमॅटो एकत्र भाजून त्यांत मॅकरोनी मिसळण्याची जी लाट उठली व २०२१ सालीं जगभर पसरली, तींत मॅकरोनी निराळी उकडावी लागे. तरीहि तिच्या लोकप्रियतेचें कारण हेंच, कीं चुलीपुढें उभें राहावें लागत नाहीं.

ह्या सर्व इतिहासाचें तात्पर्य काय? त्राबियाच्या गिरणीनें, नेपल्सच्या यंत्रानें आणि कांचेच्या पात्रानें प्रत्येक वेळीं थोडे थोडे श्रम वांचविले. परंतु वांचलेला वेळ कोणाच्या वांट्यास आला, हें यंत्र ठरवीत नाहीं, घर ठरवितें. मॉन्टिसेलोच्या स्वयंपाकघरांत उत्तम भट्टी होती. पण तीपुढें उभ्या असलेल्या माणसाला स्वतःच्या वेळेवर सत्ता नव्हती. आज भट्टी कळ दाबतांच पेटते. मॅकरोनी भाजत असतां मिळणारा तो पाऊण तास जिनें भांडें भरलें तिला विश्रांतीचा मिळावा, आणि जेवण झाल्यावर उरलेलें तें एकच भांडें दुसऱ्या कोणीतरी घासावें, म्हणजे आठशें वर्षांच्या ह्या खटाटोपाचें चीज झालें असें म्हणतां येईल.