तळपायांना ऐकू येणारा आवाज : मिनर्व्हापासून दिवाणखान्यापर्यंत

१/८ कल्याण-कसारा मार्गावरील खडवली स्थानकातून मालगाडी धडधडत जाते, तेव्हा तिचा आवाज कानांआधी तळपायांना कळतो. हा देहाने ऐकायचा खर्ज, म्हणजेच आजचा ‘बेस’, चित्रगृहात कसा आला आणि तिथून घरात कसा शिरला, त्याचा हा छोटा इतिहास.

२/८ १५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ प्रदर्शित झाला. ७० मिमीचा पडदा आणि स्टिरिओफोनिक ध्वनी! मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला. असा ध्वनी घरी मिळणे तेव्हा अशक्य होते. खडवलीकराला त्यासाठी मुंबईची गाडीच धरावी लागे.

३/८ त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत युनिव्हर्सलने ‘अर्थक्वेक’साठी ‘सेन्सराउंड’ आणले. भूकंपाच्या दृश्यात प्रचंड ध्वनिक्षेपक अतिखर्ज सोडत. हॉलिवूडच्या चायनीज थिएटरात छताचे तुकडे प्रेक्षकांवर पडू नयेत म्हणून जाळी बांधावी लागली. शेजारच्या पडद्यावर दुसराच चित्रपट पाहणाऱ्यांनाही तो गडगडाट ऐकू जाई.

४/८ १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’सोबत डॉल्बी डिजिटलचे ५.१ आले. त्यातला ‘.१’ म्हणजे १२० हर्ट्झपर्यंतच्या खर्जासाठी राखलेली वाहिनी. पुढे डीव्हीडीवरून हीच वाहिनी दिवाणखान्यात पोहोचली.

५/८ मग घर चित्रगृहाची बरोबरी करू शकते का? सर्वांत खालच्या सुरांत ते पुढेही जाऊ शकते. २० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १७ मीटर. बंद खोलीत ती मावतच नाही. साऱ्या खोलीतील हवेचा दाब एकदम चढतो-उतरतो आणि लहान सबवूफरचेही बळ वाढते. चित्रगृहाला हा लाभ नाही. तिथले अनेक सबवूफर ताकदवान असूनही २५-३० हर्ट्झखाली क्षीण होतात.

६/८ मात्र घराची किंमत वेगळी. ४.३ मीटर लांबीच्या खोलीत ४० हर्ट्झचा सूर भिंतीपाशी घुमतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. सोफा हलवला की चित्रपटच बदलतो. मोठ्या सभागृहात खर्ज बहुतेक आसनांपर्यंत बराच समान पोहोचतो.

७/८ दुसरी किंमत शेजारी मोजतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पण ती ‘ए’ मापनपद्धतीची. मानवी कानाच्या कलाने चालणारी ही पद्धत ३१.५ हर्ट्झचा आवाज सुमारे ३९ डेसिबलने कमी धरते. शेजारची भांडी थरथरतात, मापकाचा काटा मात्र स्वस्थ.

८/८ सेन्सराउंडच्या काळी भिंतीपलीकडच्या प्रेक्षकाला निदान दुसऱ्या खेळाला जाता येत होते. कल्याण-डोंबिवलीच्या इमारतींत भिंत आणि स्लॅब दोन्ही सामाईक असतात. तिथे खर्ज ऐकणाऱ्या प्रत्येकाने तिकीट काढलेले नसते.