उसना साचा

राजूरच्या चुनाभट्टीवाल्यांत आणि कोळसा खाणीच्या कामगारांत आमची तीस वर्षे गेली. पुस्तके वाचली ती द्वारसभा आटोपल्यावर, मिळतील तशी. तेव्हा या व्यासपीठावरून आम्ही रोमन कवींविषयी बोलावे याचे काही मंडळींना नवल वाटेल. कारण सांगतो.

एकदा एका विद्वान गृहस्थांनी आम्हांस ऐकविले की, तुमच्या कामगारांची गाणी म्हणजे सगळा उसना माल. चाल आरतीची, ठेका लावणीचा, मग त्यात तुमचे ते काय? त्या वेळी आम्हांस उत्तर सुचले नाही. ते शोधता शोधता आम्ही थेट रोमला जाऊन पोहोचलो.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ल्युसिलियस नावाच्या कवीने तेथील उपरोधिक काव्याला वळण लावून दिले. त्याने त्यासाठी वृत्त घेतले ते वीरकाव्याचे. ज्यात एन्नियसने रोमचा पराक्रम गायिला होता, तेच. एन्नियसच्या काव्यात देवांची सभा भरते. ल्युसिलियसनेही देवांची सभा भरविली, पण विषय काय, तर लूपस नावाच्या एका बड्या पुढाऱ्याचा निकाल कसा लावावा!

पुढे जुवेनालने याच्यावर कडी केली. एका कोळ्याच्या जाळ्यात एवढा थोरला मासा सापडतो की, तो बादशहा डोमिशियनला नजर केल्यावाचून गत्यंतर नाही. पण त्याला पुरेल एवढी परात राजवाड्यात कोठून असणार? मग शत्रू सीमेवर आल्यासारखे मंत्री तातडीने बोलाविले जातात. सगळ्यांचे चेहरे भयाने पांढरे. बराच खल होऊन ठरते की, मासा कापू नये, नवी परात घडवावी आणि यापुढे बादशहाच्या छावणीबरोबर कुंभार बाळगावेत. स्टेशियस नावाच्या कवीने याच बादशहाच्या जर्मन मोहिमेवर स्तुतिकाव्य लिहिले होते. त्याच्या आज चारच ओळी शिल्लक आहेत. पण जुवेनालच्या सभेचा साचा तिथला, असे जाणते लोक म्हणतात. अर्थात डोमिशियन इसवी सन 96 मध्ये मारला गेला आणि जुवेनालने लिहिले ते त्यानंतर. मेलेल्या वाघाच्या मिशा ओढायला फारशी छाती लागत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

आता आपल्या घरी येऊ. पैठणच्या एकनाथांना रोमची वार्ता असण्याचे कारण नव्हते. पण त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते, आणि नाथांनी तेथे हिशेब तपासताना एका पैची चूक शोधून काढली ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. दफ्तर त्यांनी आतून पाहिले होते. म्हणूनच त्यांच्या भारुडांत अर्जदस्त येते, अभयपत्र येते. मायना सरकारी, शब्द फारसी, हुद्दे जसेच्या तसे. पण परगणा कोणता, तर माणसाचे शरीर. आणि त्याचे अंमलदार कोण, तर काम, क्रोध आणि त्यांचे भाऊबंद. नाथांचा हेतू परमार्थाचा होता, हे आम्हांस मान्य आहे. तरीही ज्या कागदाचे नाव काढताच गावकऱ्याच्या पोटात गोळा यावा, तोच कागद टाळमृदंगावर गायिला जाताना ऐकून सोळाव्या शतकातल्या त्या माणसाला काय वाटले असेल, याचा विचार आम्ही पुष्कळदा करतो.

विडंबन म्हटले की आपल्याला आधी आचार्य अत्रे आणि त्यांची ‘झेंडूची फुले’ आठवतात. वडिलांचे नाव केशव, म्हणून ते ‘केशवकुमार’ झाले. पण वाचणाऱ्याला केशवसुत आठवल्यावाचून राहत नाहीत, आणि केशवसुतांच्या ‘आम्ही कोण?’चेच त्यांनी विडंबन केले. ते वाचून आम्हीही पोट धरून हसलो आहोत. मात्र तेथे हसू होते ते कवींचे आणि त्यांच्या लकबींचे. जुवेनालच्या माशात वीरकाव्याला कोणी हसत नाही. वीरकाव्याचा झगा चढवून बादशहाला उघडे पाडले आहे. या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि त्या गृहस्थांना आमचे उत्तर हेच होते.

महाराष्ट्रात ही दुसरी वाट जोतीराव फुल्यांनी रुंद केली. अभंगाचा घाट घेऊन त्यांनी ‘अखंड’ रचले. मंगलाष्टके ठेवली, पण त्यांत वधूच स्त्रियांच्या हक्कांची मागणी करू लागली. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा उचलला, आणि भीमराव कर्डकांसारख्यांनी तो आंबेडकरी चळवळीत नेला. 1944 साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. अण्णाभाऊंनी गणात मायभूमीला वंदन केले आणि गौळण गाळली. बाकी वग, बतावणी, ढोलकी सारे तमाशाचेच. पाहणाऱ्याला बसायची सवय होती, म्हणून तो बसला, आणि ऐकू लागला ती सावकाराची आणि गिरणीमालकाची गोष्ट.

आमच्या एका कामगाराने यातले काहीच वाचले नव्हते. ज्या चाळीत तो राहत होता तिची कौले तीन पावसाळे गळत होती, आणि अर्ज करून उत्तर येत नव्हते. एका सकाळी फलकावर, कचेरीच्या नोटिशीच्या खाली, तशाच भाषेत लिहिलेला कागद दिसला: “सर्व संबंधित पावसास कळविण्यात येते की, त्याने लेखी पूर्वपरवानगीवाचून चाळीत प्रवेश करू नये. अन्यथा शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल.” खाली सहीच्या जागी फराटा. पाळीवर जाणारी सगळी माणसे तेथे थबकली. पण सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने हसला, तो खऱ्या नोटिसा टाईप करणारा कारकून.